गोळ्या चालू आहेत ना? – हो!

संपादक साहेब,
आईला बीपी निघून अकरा वर्षं झाली. दर महिन्याला दवाखान्यात "गोळ्या चालू आहेत ना?" विचारतात, ती "हो" म्हणते, संपलं. परवा सहज डबा उघडून बघितला तर मागच्या महिन्याची अर्धी पाकिटं तशीच, कारण काय तर "डोकं जड वाटलं की घेते, रोज कशाला". आता बीपी वाढला तरी बऱ्याच वेळा काहीच जाणवत नाही हे तिला कुणी नीट सांगितलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही. वर सैंधव मीठ चालतं म्हणून लोणचं-पापड जोरात, तेही शेवटी सोडियमच ना!

अमेरिकेत पेशंटला किती समजतं हे मोजायची एक सोपी टेस्ट आहे, आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल हातात देऊन सहा प्रश्न विचारतात. आपल्याकडे ती जशीच्या तशी नको, आमची आई लेबल वाचणार कुठे. पण बीपीचा पट्टा बांधताना चारच प्रश्न मराठीत विचारा की, १५०/९० म्हणजे चांगलं का वाईट, गोळी कधी घ्यायची, बरं वाटलं तर बंद करायची का, दिवसाला मीठ किती (एक छोटा चमचा, ५ ग्रॅमच्या आत). आणि हो, "समजलं का" असं विचारू नका, त्याला सगळे मान हलवतात, पेशंटलाच परत सांगायला लावा.

मी घरी विचारून बघितलं. चारपैकी एक बरोबर आलं, तेही मिठाचं नाही.

– एक वाचक, सातारा