घोंगल्या उडत येत नाहीत

संपादक महोदय,

गाळ काढलेल्या तलावांचे फोटो दर उन्हाळ्यात आपल्या दैनिकात येतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मामा तलावाचाही आला होता. (मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वीच्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातला. बाहेरच्या वाचकांनी नातं जोडू नये.) तलाव तेव्हापासून दर पावसाळ्यात तुडुंब भरतो. पण पूर्वी पाळीलगत उभे दिसणारे घोंगल्याफोडे, पुस्तकातले मुग्धबलाक करकोचे, काही परतले नाहीत. पाणी आहे, पण त्यांचं खाणं, म्हणजे घोंगल्या-शिंपले, नाही.

घोंगली, म्हणजे मोठी पाणगोगलगाय, उन्हाळ्यात चिखलात शिरून शिंपीचं झाकण लावून झोपते. शिंपलेही तिथेच रुतून बसतात. पाणपिसवांची, म्हणजे पाण्यातल्या अगदी बारीक जीवांची, अंडी तर सुक्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतात. आणि जेसीबी लागतो तो नेमका एप्रिल-मे महिन्यात. आमच्या धानाच्या बांधीत पडलेल्या गाळातून मी वीसेक घोंगल्या वेचल्या होत्या, त्यातल्या निम्म्या जिवंत. बाकीच्या ट्रॉलीगणिक कुठे गेल्या, कोण सांगणार?

गाळ काढूच नये, असं मी म्हणत नाही. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढे बेशरमाची झुडपं माजली आणि तलाव उथळ होत गेले. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने शेताला चांगली माती मिळाली, ती मीही नेली. मात्र अख्खा तलाव एकाच उन्हाळ्यात कडेपर्यंत खरवडायची गरज नव्हती. निम्मा यंदा, निम्मा दोन-तीन वर्षांनी काढला असता तर उरलेल्या चिखलातून जीव पसरला असता. काठही आता उभे कापले आहेत. घोटाभर पाण्याची उथळ कड, जिथे देवधान हे रानभात उगवायचं, ती राहिलीच नाही.

नव्या पाण्यावर पंधरवड्यात निवळ्या गिरक्या घेऊ लागल्या, मागोमाग चतुर आले. त्यांना पंख आहेत. घोंगल्या-शिंपल्यांना वरच्या तलावाच्या सांडव्यातून वाहत यावं लागतं, नाहीतर कोणीतरी आणावं लागतं. शिंपल्याची पिल्लं तर सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. म्हणजे गावठी मासे नसतील तर तीही नाहीत.

गेल्या भाद्रपदात शेजारच्या न खोदलेल्या बोडीतून (लहान तळ्यातून) मूठभर शेवाळ आणून मुलांसमोर पांढऱ्या परातीत झटकलं. झिंगे, चिमुकल्या गोगलगायी, एक जळू आणि चतुराची अळी. ती निपचित होती. डासाची अळी जवळून वळवळली तशी तिचा खालचा ओठ हातासारखा सपकन पुढे आला नि शिकार आत. पोरं दप्तरं विसरली. आमच्या तलावातल्या मूठभर चिखलात मात्र लाल अळ्यांखेरीज काही निघेना.

अशा बोडीतली दहा-वीस घमेली चिखल-शेवाळ पावसाच्या तोंडी नव्या तलावात टाकायला खर्च तो काय? जलकुंभी, बेशरम सोबत येऊ नये एवढी निवड करावी, आणि आणावं ते जवळच्याच, त्याच ओढ्याच्या पाण्यातून. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मासेमार ढिवर समाजाच्या महिलांनी बेशरम उपटून तलावात गावठी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. टाचणी, चतुराची नाजूक बहीण, अंडी घालते ती अशा वनस्पतींच्या देठांतच. आम्ही मात्र पाणी भरताच सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि ग्रास कार्प या माशांचं बीज सोडतो. एक बूड उकरतो, दुसरा उगवलेलं चरतो. मत्स्यसंस्थेला तरी काय बोलावं, लीजचा हप्ता थांबत नाही. पहिली दोन वर्षं लीज माफ करून हे दोन मासे सोडू नयेत, असा काही मार्ग काढता येईल. डासांसाठी गप्पी-गॅम्बुशिया मासे सोडायचा आग्रहही तेवढा काळ आवरावा. डासांच्या अळ्या खाणाऱ्या चतुराच्या पिल्लांनाही ते सोडत नाहीत.

अंदाजपत्रकात गाळाचे घनमीटर लिहितात, काठाला दगड बसवायचं पिचिंग लिहितात. न खोदायचा पट्टा कुठेच लिहिलेला नसतो. येत्या उन्हाळ्यात त्याच शेजारच्या बोडीवर यंत्र लागणार असल्याचं ऐकतो. तिची वरची कड तेवढी सोडावी, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

— एक निवृत्त शिक्षक, साकोली तालुका, जि. भंडारा