मंत्रिमहोदय, त्या मशीनचा फिल्टर कुठे आहे?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयातल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या मशीनबद्दलचा माझा अर्ज 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग' झाला आहे आणि त्याच ओळीत माझी तक्रार 'निकाली' निघाली आहे. इतक्या कमी शब्दांत इतकं काम उरकल्याबद्दल आधी आपले आभार मानते. मग आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते, कारण बंद पाकिटातली पत्रं कुठे जातात ते कळलं.

माझे यजमान डिझेल पंपाचे मिस्त्री. उभं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. विडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी फुप्फुसाचा कर्करोग निघाला, आणि केसपेपर लिहिणाऱ्यापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "ओढायचे का हो?" डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलं आहे. आमच्याकडच्या एकाही गॅरेजवाल्याला ते कुणी सांगितलेलं नाही. असो. ते वेगळं पत्र होईल.

फुप्फुसातून कर्करोग मेंदूत गेला. सकाळी डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, डाव्या हातातला पाना गळून पडायचा. एमआरआयमध्ये एकच गाठ दिसली, उजव्या बाजूला. एकच असेल तर काढलेली बरी, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते काही हवेतलं नव्हतं. 1990 मध्ये अमेरिकेत पॅचेल नावाच्या डॉक्टरांनी असेच एकच गाठ असलेले रुग्ण दोन गटांत विभागून पाहिले. नुसते किरणोपचार दिलेले साधारण 15 आठवडे जगले, शस्त्रक्रिया करून किरणोपचार दिलेले 40. माणसाच्या आयुष्यात 25 आठवडे म्हणजे काय, हे तुम्हाला अधिवेशनांत मोजून सांगता येईल.

आता मशीनकडे येते. आमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नवा मायक्रोस्कोप आला. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, पेपरात फोटो आला. "मेंदूच्या गाठी आता रंगाने उजळून काढणार, गरिबाला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही," असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. ते कात्रण आमच्या यजमानांनी जपून ठेवलं होतं. त्या एका वाक्यावर आम्ही मुंबईची नोंदणी सोडली.

तुम्ही फीत कापलीत, पण आत काय होतं ते कुणी तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून सांगते. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून फ्लुरोसिन नावाचा पिवळा रंग देतात. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या तो बाहेर सोडत नाहीत. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथे तो झिरपतो. मग मायक्रोस्कोपमधून ठरावीक प्रकाश टाकला आणि 560 नॅनोमीटरचा पिवळा फिल्टर लावला की गाठ हिरवट-पिवळी उजळते आणि बाकीचा मेंदू फिका राहतो. कडेला चिकटून राहिलेला तुकडा, जो साध्या पांढऱ्या उजेडात मेंदूसारखाच दिसतो, तो डॉक्टरांना दिसतो. दुसरा प्रकार प्यायच्या औषधाचा, 5-एएलए. त्याने गाठ निळ्या प्रकाशात गुलाबी-लाल दिसते. ते महाग, आणि मुळात मेंदूतच सुरू होणाऱ्या ग्लायोमा गाठींसाठी. युरोपात 2007 ला परवानगी मिळाली, अमेरिकेत 2017 ला. 2006 च्या जर्मन अभ्यासात ते दिलेल्या रुग्णांपैकी 65 टक्क्यांची गाठ पूर्ण निघाली, साध्या उजेडात 36 टक्क्यांची. फुप्फुसातून आलेल्या गाठी त्याने सगळ्याच उजळत नाहीत, म्हणून आमच्यासाठी पिवळाच रंग बरा होता. हे सगळे आकडे भाच्याने शोधून दिले आहेत. एखादा इकडचा तिकडे झाला असेल तर तुमच्या विभागाने दुरुस्त करावा, तेवढं तरी काम होईल.

आणि हा रंग काही परग्रहावरून आणायचा नाही. 1948 मध्ये, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी, अमेरिकेत मिनेसोटाच्या मूर या डॉक्टरांनी मेंदूच्या गाठी शोधायला तो वापरल्याचं छापून आलं. डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीत तो रोज वापरतात. काहीशे रुपयांची बाटली. आमच्या त्या रुग्णालयात नेत्र विभागाच्या कपाटात ती होती, त्याच इमारतीत, जिना उतरून.

नव्हता तो फिल्टर.

हे आम्हाला शस्त्रक्रियेनंतर कळलं. डॉक्टर तरुण होते, भले होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. खाली मान घालून म्हणाले, "काकू, निविदा बसवताना तो भाग वगळला. बजेट ओलांडत होतं." गाठ भुसभुशीत होती, तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली, एका कडेला खात्री नव्हती. घरी येऊन यजमानांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "कोट्यवधीचं इंजिन घेतलं आणि फिल्टर नाही घेतला? आमच्या गॅरेजला असं करणाऱ्या पोराला मी दुसऱ्या दिवशी उभा केला नसता."

शस्त्रक्रियेनंतर त्या जागेवर किरणोपचार हवे होते. हौस म्हणून नव्हे. टेक्सासच्या एमडी अँडरसन या कर्करोग रुग्णालयाने 2017 मध्ये दाखवलं की नुसती गाठ काढून थांबलं तर वर्षभरात निम्म्याहून जास्त रुग्णांत ती त्याच जागी परत येते. आमच्याकडचं किरणोपचाराचं मशीन दुरुस्तीला होतं. दुसरीकडची तारीख मिळेपर्यंत आठवडे गेले. नंतरच्या एमआरआयमध्ये त्याच कडेला पुन्हा पांढरं दिसलं. हात पुन्हा गळू लागला.

फिल्टर असता तर गाठ परत आली नसती का? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तशी हमी कुणी देणार नाही. सुजलेल्या भागातही रंग थोडा झिरपतो, उजळलेलं सगळंच गाठ नसतं. मान्य. पण न दिसलेलं कुणी काढू शकत नाही, आणि दिसण्याची सोय तुम्ही फीत कापून दिली म्हणालात ना? मग मला ती कुठे आहे ते दाखवा.

रात्री त्यांना कूस बदलून देते, शर्टाचा डावा हात मी घालते. ज्या माणसाने पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगितला, तो चमचा कुठल्या हातात आहे ते विचारतो. स्टेरॉइडने तोंड सुजलंय, भूक राक्षसासारखी लागते, झोप नाही, चिडचिड होते, मग रडतात. मुलीने नोकरीतून बिनपगारी रजा घेतली आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट दिलंत, त्याबद्दल खरंच आभार, पण माझ्या शेजारच्या सीटवर झोपलेल्या माणसाला पूर्ण लागतं. सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर विचारलं तर पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया आहे म्हणाले. कुठल्या उजेडात केली, ते पॅकेजमध्ये नसतं.

2023 मध्ये राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला 5 लाखांचं आरोग्यकवच जाहीर केलंत. छान. कार्ड आहे, तरी उजेड कमी पडला. आणि कवच तरी कशाच्या जोरावर? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की 2025 पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के होईल, आणि राज्यं 2020 पर्यंत आपल्या बजेटचा 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्याला देतील. 2020 गेलं, 2025 गेलं. धोरण संकेतस्थळावर अजून सुखरूप आहे, त्याला काही झालेलं नाही. इकडे दवाखाने एका मंत्र्यांकडे, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या मंत्र्यांकडे, खरेदी तिसऱ्याच प्राधिकरणाकडे. रुग्ण मात्र एकच असतो, त्याचे तीन भाग करता येत नाहीत. एकदा तरी कुणी मंत्री स्वतःच्या डोकेदुखीसाठी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत बसला आहे का? तुमची माणसं कुठे ॲडमिट होतात ते आम्ही पेपरात वाचतो. तिथे फिल्टर असतात. तिथे उद्घाटनाला तुम्हाला बोलवावंही लागत नाही.

माझं मागणं मोठं नाही. त्या मायक्रोस्कोपच्या निविदेत सुरुवातीला काय-काय मागितलं होतं आणि खोडलं कुणी, तो कागद द्या. फिल्टर खरेदी करा, आणि ज्यांना तो चालवायचा आहे त्यांना आठ दिवस शिकायला पाठवा. राज्यातल्या बाकीच्या सरकारी रुग्णालयांत अशी किती अर्धी मशीनं उभी आहेत, त्याची यादी जाहीर करा. आमची वेळ बहुधा गेली. पण त्या वॉर्डात आमच्या पलंगाशेजारी परभणीकडची एक बाई होती, कडेवर पोर, नवऱ्याच्या डोक्याला तशीच पट्टी. तिला मी सांगून आले आहे की शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना फिल्टरचं विचार. तिने विचारलं तर तिला काय सांगायचं, ते तेवढं ठरवून ठेवा.

आपली,
एका रुग्णाची पत्नी
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मराठवाडा)