प्रशिक्षणापेक्षा एकमेकांचा वर्ग पाहा

गणितात मुले मागे पडतात म्हणून शिक्षकांची प्रशिक्षणे वाढवा, असे सुचवणारा आपला अग्रलेख वाचला. मला ते पटले नाही. कोकणातल्या वाड्यांवरच्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी; गणिताविषयी चार गोष्टी बोलायला तिथे माणूसच नसतो.

जपानमध्ये मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, 'जुग्यो केंक्यू' ही पद्धत आहे. शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि मग पाठ सुधारतात. आम्ही केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, चौघांनी एकदा वजाबाकीवर हे करून पाहिले. ५२ मधून ३८ वजा करून एका मुलीने २६ लिहिले. हातचा विसरली असेल, असे आम्ही म्हणतो तोच ती म्हणाली, "आठातून दोन गेले, सहा." मोठ्यातून लहान काढायचे, एवढेच तिने धरले होते! पुढच्या शाळेत तोच पाठ घेताना आम्ही मुलांना आधी दहा काड्यांचा गठ्ठा सोडायला लावला.

केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, दरमहा भरतेच. परिपत्रके वाचण्यात जाणारा तिचा वेळ एखाद्या वर्गात बसायला द्यावा. पावसाळ्यात सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, शाळा गाठणे कठीण, हे मान्य; पण दिवाळीनंतरचे महिने आहेतच.

– एक निवृत्त शिक्षिका, राजापूर (जि. रत्नागिरी)