साइड रिदमवरून

नागपूर
नवतपा

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "दुसऱ्याचीच गाणी जशीच्या तशी वाजवायची, मग त्यात तुझं काय राहते बे?" मी तेव्हा रिहर्सलला निघालो होतो आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी बातमी. इथल्या ज्या ग्रुपमध्ये फक्त पंचमदांची, म्हणजे आर. डी. बर्मन यांची, गाणी लाइव्ह वाजवतात, त्यांनी मला कायमचं घेतलं. ढोलकवर नाही, साइड रिदमवर. म्हणजे रेसो-रेसो, मादल (नेपाळी हातढोल), खंजिरी, मराकस (खुळखुळे), शिवाय एक काचेचा ग्लास आणि काही बाटल्या. येत्या २७ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, सायंटिफिक सभागृहात कार्यक्रम आहे.

महालातल्या गणपतीसमोरचा आपला ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळातली माझी खंजिरी, हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तू पुण्याला गेल्यावर मात्र इथलं चित्र पार पालटलं. ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर, गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले आणि बघता बघता हॉलच्या तारखा त्यांनीच भरल्या. डॉक्टर, बँकेतून रिटायर झालेले, शाळेतल्या मॅडम, सगळे मनापासून गातात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, गाण्यावर जीव असल्याशिवाय कोणी चारचौघांत उभं राहत नाही. पण जिथे आपण सात-आठ पोट्टे बसायचो तिथे आता एक लॅपटॉप असतो. आपला बेसवाला गिटार विकून मोबाइलच्या दुकानात बसला. मला नवरात्रात गरब्याचं काम हातभर मिळायचं, ऑक्टोपॅडवर रात्र रात्र वाजवायचो, आणि कोजागिरी झाली की फोन वाजणं बंद. रिसेप्शनला बोलावलं तरी ट्रॅकच्या जोडीला नुसता ठेका धरायला. ट्रॅक काही तुझ्यासाठी थांबत नाही. गाणाऱ्याचा श्वास लांबला तरी तो आपला पुढे जातच राहतो.

अशात या ग्रुपच्या सरांचा फोन आला. त्यांचा साइड रिदमवाला नोकरीसाठी हैदराबादला गेला होता. मी ढोलक घेऊन नंदनवनला त्यांच्या घरी पोचलो, तर त्यांनी ती खोळीतून काढूही दिली नाही. एक गाणं लावलं आणि म्हणाले, "यात रेसो-रेसो कुठे वाजते आणि कुठे थांबते, तेवढं लिहून आण."

ते गाणं मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं असेल, वाजवलंही होतं. पण रेसो-रेसो मधेच थांबते हे माझ्या कधी कानावरच आलं नव्हतं. घरी हेडफोन लावून बसलो. आधी गाणाराच ऐकू येतो, तो काही केल्या बाजूला होत नाही. मग ढोलकचा बायाँ, म्हणजे डावी बाजू, तिची घसरती मींड, कारण तो माझा हात आहे. मग बेस. आणि या सगळ्यांच्या मागे, केहरव्याच्या दोन मात्रांच्या मधल्या फटीत, एक लांब खरवड आणि दोन आखूड. खाचा पाडलेल्या लाकडावर काडी ओढायची, एवढंच वाद्य! पण अंतऱ्याला आवाज वर चढतो त्या क्षणी ती खरवड बंद होते आणि एकदम गाणं मोकळं झाल्यासारखं वाटते. इतकी वर्षं ते मोकळं होणं मला जाणवत होतं, कोणी केलं ते माहीत नव्हतं. तो कागद घेऊन मी सरांकडे गेलो तेव्हा मला काम मिळेल की नाही याची फिकीर उरली नव्हती. मला ते वाजवायचंच होतं.

मग मी या वाजवणाऱ्यांच्या मागेच लागलो. जुन्या मुलाखती ऐकल्या, म्हाताऱ्या वादकांना गाठलं. रेसो-रेसोसाठी सगळे एकच नाव घेतात, अमृतराव काटकर. ठेक्याची सगळी बांधणी पाहणारे मारुतीराव कीर. आपलीच मराठी माणसं, आणि आपण त्यांची नावंही घेत नव्हतो. मादल आणलं रणजित गजमेर यांनी, दार्जिलिंगकडचे, त्यांना सगळे कांचा म्हणायचे. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'कांची रे कांची रे'ला जो पहाडी ठेका आहे तो त्यांच्या हातचा. तालवाद्यांवर होमी मुल्लन, ड्रमवर फ्रँको वाझ, गिटारवर भानू गुप्ता. 'शोले'मधला माउथऑर्गन भानूदांचाच. ज्या रेकॉर्डी आपण झिजवल्या त्यांवर यांतल्या किती जणांची नावं होती? गायकाचं असायचं, संगीतकाराचं असायचं. सिनेमाच्या टायटलमध्ये सहायक म्हणून मनोहारी, मारुती, बासू दिसायचे, बस. बाकीचे सकाळी ताडदेवला फिल्म सेंटरमध्ये जायचे, सगळ्यांसोबत एका दमात गाणं वाजवायचे (एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून), आणि संध्याकाळी घरी. पंचमदा स्वतः सामताप्रसादांकडे तबला शिकलेले. त्यामुळे खरवडीलाही त्यांच्या गाण्यात जागा होती, आणि ती जागा भरणारा माणूस त्यांनी पारखून घेतलेला होता.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की मी दुसऱ्याचं गाणं वाजवत नाही, दुसऱ्याच्या जागेवर बसतो. तिथे बसायचं तर त्या माणसाने काय ऐकून हात थांबवला ते मला कळलं पाहिजे. ट्रॅकमध्ये ते नसते. ट्रॅक बनवणारा बरेचदा ही बारीक वाद्यं सोडूनच देतो, कोणाच्या लक्षात येते म्हणून. माझ्या आले, आणि आता ते सोडून देणं मला जमणार नाही.

ढोलकवाल्याच्या हाताला हे सोपं गेलं नाही हेही सांगतो. हात सारखा भरायला धावतो. लग्गी टाकावी, तिहाई घ्यावी वाटते. इथे पूर्ण मुखडाभर हात मांडीवर ठेवून मोजत बसायचं आणि बरोबर आपल्या मात्रेला एकदाच खंजिरी हलवायची. शेजारचा ढोलकवाला पोरगा माझ्याहून बराच लहान आहे. त्याचा हात ऐकत मी माझा ठेवतो.

ग्लासची गंमत ऐक. 'चुरा लिया'च्या सुरुवातीला काचेचा तो किणकिणता आवाज आहे ना, तो सुरात यायला हवा. गिटार लगेच मागून येते, सूर खटकला तर पहिल्या ओळीआधीच गाणं मेलं. सीताबर्डीवर भांड्यांच्या दुकानात बसून ग्लास वाजवून पाहिले, दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच आतून एकेक काढून देऊ लागला. ग्लासमध्ये पाणी वाढवलं की सूर उतरते. पण 'मेहबूबा'साठी बाटलीत फुंकर मारतो तिथे उलटं, पाणी वाढवलं की सूर चढते, कारण आत हवेची जागा कमी होते. एकावेळी दोन्ही लावायला बसलो की डोकं फिरते. स्टेजवरच्या लाइटांखाली बसून बसून पाणी किती उडते त्याचाही हिशोब ठेवावा लागते, म्हणून मी ग्लासवर नेलपॉलिशची रेघ मारली आहे. बायकोची.

आणि ऊन! तुला पुण्यात राहून विसर पडला असेल. पारा पंचेचाळीसच्या वर. मादलचं चामडं इतकं ताणते की सूर सरळ वर जाते. कूलर लावला तर त्याच्या ओल्या हवेने तेच चामडं सैल पडते, शिवाय घरघरीत रेसो-रेसो ऐकू येत नाही. म्हणून रिहर्सल कूलर बंद करून. सगळे घामाघूम, गाणाऱ्या ताई पदराने वारा घेत गातात, पण एकानेही अजून कूलर लावा म्हटलं नाही. जूनअखेर पाऊस आलेला असेल, तेव्हा सगळं परत नव्याने लावावं लागेल.

एक गोष्ट मी सरांकडे हट्टाने मागून घेतली. निवेदनात प्रत्येक गाण्याआधी गायक-गीतकारासोबत, जिथे खात्रीने माहीत आहे तिथे, मूळ वादकाचंही नाव घ्यायचं. कार्यक्रम लांबेल असं काही जण म्हणाले. लांबू दे. निवेदन करणाऱ्या ताईंना मी नावं लिहून दिली, उच्चार सांगितले. त्यांनी रिहर्सलमध्ये पहिल्यांदा "रेसो-रेसो, अमृतराव काटकर" असं माइकवर म्हटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला रे.

आता तुझ्याकडे मुद्दा. 'रूप तेरा मस्ताना' घेतो आहोत. संगीत मोठ्या बर्मनदांचं, म्हणजे पंचमदांच्या वडिलांचं, एस. डीं.चं, पण 'आराधना'त पंचमदा सहायक होते म्हणून सर नेहमी ठेवतात. त्यातलं ॲकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. आमच्याकडे ते की-बोर्डवर वाजते आणि मला ते दर वेळी खुपते. की-बोर्डला भाता नाही, तो आवाज फुगत नाही की दबत नाही. तुझं ॲकॉर्डियन माळ्यावर आहे हे वहिनींनी मला सांगितलं आहे. उतरव. भात्याच्या घड्यांना भेगा पडल्या असतील, पट्टे कडक झाले असतील, ते कोणा जाणत्याला दाखवून घे. रीड सुरात आहेत का ते मला फोनवर वाजवून दाखव, मी इथे की-बोर्डशी मिळवून पाहतो. सरांशी बोललो आहे. एका गाण्यासाठी माणूस बाहेरून आणायला ते तयार आहेत, फक्त दोन रिहर्सल तरी हव्या म्हणतात. म्हणजे तुला २४ च्या रात्री गाडीत बसावं लागेल. सुटी आत्ताच टाक. राहणं आमच्याकडेच, आई आतापासून विचारून राहिली आहे की तू अजून वांग्याची भाजी तशीच खातो का.

पीसची नोटेशन सोबत पाठवतो आहे. मुखड्यानंतरच्या जागेवर मी पेन्सिलने खूण केली आहे, तिथे भाता दाबून सोडायचा, एकदम नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. ॲकॉर्डियन उघडलंस की त्याच दिवशी फोन कर.

तुझाच,
ढोलकवाला