एल-वनच्या कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

प्रति,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

1957 साली शिमोग्याच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप 2016 मध्ये आमच्या सिंधुदुर्गात फैलावला. त्याच्या विषाणूच्या जनुकाचा तुकडा एखाद्या लॅबने मागवला, तर कृत्रिम डीएनए बनवून विकणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर ती ऑर्डर अडवतं, मग माणूस ती वाचतो आणि विचारतो: तुम्ही कोण, हे कशासाठी हवंय? म्हणजे कंपनीने ही तपासणी मान्य केली असेल, तर.

हा नियम कुठल्या संसदेने केलेला नाही. 2009 मध्ये कृत्रिम डीएनए बनवणाऱ्या 5 कंपन्यांनी इंटरनॅशनल जीन सिंथेसिस कन्सॉर्शियम स्थापन करून तो स्वतःवर घालून घेतला. त्याच वर्षी दुसराही प्रस्ताव आला होता: माणूस नको, धोकादायक जनुकांच्या ठरलेल्या यादीशी संगणकाने ताडून पाहा, काम स्वस्तात उरकेल. टीका झाली आणि तो मागे पडला. अमेरिकी सरकारची मार्गदर्शक तत्त्वं त्यानंतर, 2010 मध्ये आली, तीही ऐच्छिकच. म्हणून कंपन्यांना नावं ठेवायला मी हे पत्र लिहीत नाही. त्या आपल्या पुढे होत्या.

पण त्यांच्या आवाक्याबाहेरचंही काही आहे. घोड्यांच्या देवीचा विषाणू निसर्गातून नाहीसा झाला, असं मानलं जात होतं. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी कंपनीकडून मागवलेल्या तुकड्यांतून तो पुन्हा जोडला आणि 2018 मध्ये शोधनिबंधही छापला. ग्राहक खरा, विद्यापीठ खरं. तो विषाणू मुळात बनवावा का, याचं उत्तर विक्री विभागाने द्यायचं का?

धोकादायक काय, हे ठरवताना आपल्याला निदान खुर्ची आहे. रासायनिक-जैविक शस्त्रांना उपयोगी पडेल अशा मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या ऑस्ट्रेलिया ग्रुप या गटाच्या यादीत माकडतापाचा विषाणू आहे आणि 2018 पासून भारत त्या गटाचा सदस्य आहे. पण एका कंपनीने नाकारलेला ग्राहक दुसरीकडे गेला, तर कुणी कुणाला कळवायचं, हे कंपन्या आपसात ठरवतात. तिथे आपण नसतो.

आता आपल्या घरची गोष्ट. सरकारी लॅबमध्ये तीन कोटेशनं येतात आणि ऑर्डर एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याला, जाते. ऑर्डर वाचणाऱ्या तज्ज्ञाचा पगार कोटेशनमध्ये दिसत नाही, पण दरात असतो. जो तपासतो तो महाग पडतो. परचेस सेक्शनच्या माणसाला यात दोष कसा द्यायचा? ऑडिटला उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

अमेरिकेने 2024 मध्ये सरकारी अनुदानाच्या खरेदीला तपासणीची अट जोडली आणि 2025 मध्ये ती चौकट बदलायला घेतली. त्यांचं काय ठरतं, याची वाट पाहू नका. जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानातून कृत्रिम डीएनए घेताना ग्राहक आणि ऑर्डर तपासणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावा आणि एल-वन त्यांच्यातूनच ठरावा, एवढी अट घाला. तपासणी खरंच होते का, हे विभागाने अधूनमधून खोटी ऑर्डर टाकून पाहावं आणि निकाल जाहीर करावा.

आपला,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षक,
सावंतवाडी