प्रथिनाचा पत्ता वाचला जातो तो केव्हा?

महोदय,

पेशीजीवशास्त्रज्ञ गुंटर ब्लोबेल यांच्या कामाची ओळख बहुतेक लेखांत एका वाक्यात आटोपते: प्रत्येक प्रथिनावर पिनकोड असतो, त्यानुसार ते पेशीत आपल्या जागी जाते. हे चूक नाही, पण त्यात मुख्य मुद्दाच राहून जातो. पिनकोड पत्र पुरे झाल्यावर वाचतात. आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा हा पत्ता, म्हणजे संकेत, मात्र अमिनो आम्लांची साखळी अर्धवट असतानाच वाचला जातो आणि काम झाले की कापून टाकला जातो. ब्लोबेल यांचे मोठेपण कल्पनेइतकेच ते सिद्ध करणाऱ्या प्रयोगात आहे आणि नेमका तोच छापून येत नाही.

रॉकफेलर विद्यापीठात ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा हाती पुरावा जवळजवळ नव्हता. पुढच्याच वर्षी सेझार मिलस्टीन यांच्या गटाला प्रतिपिंडाची हलकी साखळी आधी थोडी लांब तयार होते, म्हणजे तिचा एक तुकडा नंतर कापला जातो, असे दिसले. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डॉबरस्टाइन यांनी ही क्रिया परीक्षानळीत घडवून दाखवली. उंदराच्या मायलोमा (कर्करोगाच्या) पेशींतला संदेशवाहक आरएनए, सशाच्या रक्तपेशींतले रायबोसोम (प्रथिने बनवणारे कण) आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडातली पटले (आंतर्द्रव्यजालिकेच्या पडद्याच्या बंद पिशव्या). तीन प्राण्यांचे भाग एकत्र येऊनही यंत्रणा चालली, म्हणजे संकेताची भाषा सस्तन प्राण्यांत सामाईक आहे. कुत्र्याचेच स्वादुपिंड का? त्यात आरएनए तोडणारे विकर कमी असते. ते जास्त असले तर संदेशच फाटतो आणि प्रथिन बनतच नाही.

आज हा प्रयोग करताना एका नळीत प्रथिननिर्मितीच्या सुरुवातीलाच पटले घालतात, तर दुसरीत सायक्लोहेक्झिमाइडने निर्मिती थांबवून मग घालतात. नंतर दोन्हींत बर्फावर प्रथिनभेदक विकर सोडतात. पहिल्या नळीत संकेत कापलेले, आखूड प्रथिन पटलाच्या पिशवीत सुरक्षित राहते. दुसरीत ते बाहेरच अडकते आणि पचून जाते. तिसरी नळी हवीच: विकराबरोबर ट्रायटनसारखे डिटर्जंट घालून पटल विरघळवले की आतले प्रथिनही नाहीसे झाले पाहिजे. नाही झाले, तर ते पिशवीमुळे वाचले होते असे म्हणताच येत नाही. पटले प्रमाणाबाहेर घातली तर प्रथिननिर्मितीच मंदावते. शेवटी विकर नीट निष्क्रिय केले नाही, तर नमुना उकळताना सुरक्षित प्रथिनही तुटते आणि निकाल उलटा दिसतो.

वेळेला एवढे महत्त्व का, हे पुढे पीटर वॉल्टर यांच्याबरोबरच्या कामातून उलगडले. साखळीचे शेवटचे तीस-चाळीस अमिनो आम्लांचे टोक रायबोसोमच्या बोगद्यात दडलेले असते. त्यामुळे सुरुवातीचा पंधरा ते तीस अमिनो आम्लांचा संकेत पूर्ण बाहेर येईपर्यंत साखळी साधारण सत्तरवर गेलेली असते. सहा प्रथिने आणि एक आरएनए यांचा बनलेला कण त्या संकेताचा जलविरोधी गाभा पकडतो, साखळीची वाढ मंदावतो आणि रायबोसोमला पटलावरच्या वाहिनीशी नेतो. साखळी पूर्ण होऊन घडी पडली, की ती त्या अरुंद वाहिनीतून सहसा जात नाही.

सर्वच पत्ते असे वाचले जात नाहीत, हेही सांगायला हवे. परॉक्सिसोम या पेशीतल्या छोट्या अंगकाचा सर्वांत परिचित संकेत साखळीच्या अगदी शेवटी असतो, त्यामुळे तो साखळी पूर्ण झाल्यावरच वाचता येतो. केंद्रकाचा संकेत कापला जात नाही, कारण पेशीविभाजनात केंद्रकाचे आवरण विरघळते आणि प्रथिनांना पुन्हा आत जावे लागते. एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनात हा संकेत सात अमिनो आम्लांचा आहे. त्यातले एक लायसिन बदलले तरी प्रथिन पेशीद्रव्यातच राहते. प्राथमिक हायपरऑक्झॅल्युरिया या आनुवंशिक आजाराच्या काही रुग्णांत यकृतातले एक विकर कार्यक्षम असूनही परॉक्सिसोमऐवजी तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) जाते. तिथे त्याचा उपयोग होत नाही, ऑक्झॅलेट साचते आणि मूत्रपिंडात खडे होतात.

ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले, हे सर्वत्र छापून येते. यापुढे त्यांच्यावर लेख येईल तेव्हा पिनकोडच्या चित्राऐवजी वरच्या तीन नळ्यांची आकृती द्यावी, ही विनंती. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती सहज समजेल.

आपले,
पेशीजीवशास्त्राचे अध्यापक