कार्यक्रमाच्या नावाच्या मालकीबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या दिवाळी पहाट कार्यक्रमाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून स्वतःच्या नावे नोंदविण्यासाठी एका माजी सहआयोजकाने केलेला अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाला आहे. ‘दिवाळी पहाट’ हे शब्द महाराष्ट्रभर सर्रास वापरले जातात, त्यांवर कोणा एकाला हक्क सांगता येणार नाही. वाद आहे तो त्यापुढे जोडलेल्या आपल्या खास नावाचा, आणि सभासदांच्या वर्गणीतून व कष्टातून उभे राहिलेले ते नाव कोणाची खासगी मालमत्ता होऊ नये, अशी कार्यकारिणीची ठाम भूमिका आहे.

हरकत प्रसिद्धीपासून 4 महिन्यांच्या आत नोंदवावी लागते. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 34 नुसार आधीपासून सलग वापर करणाऱ्याच्या हक्काला संरक्षण असले, तरी तो वापर कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. म्हणून जुन्या निमंत्रणपत्रिका, तारीख असलेली वृत्तपत्रांची कात्रणे किंवा वर्गणीची पावतीपुस्तके ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ती मूळ स्वरूपात कार्यालयात आणून द्यावीत. वर कार्यक्रमाचे छापील नाव आणि खाली तारखेसह खजिनदारांची सही असलेली एखादी पिवळी पडलेली पावतीही येथे मोलाची आहे.

निकाल लागेपर्यंत संबंधितांवर कोणीही जाहीर आरोप करू नयेत. या कार्यक्रमासाठी त्यांनीही मनापासून काम केलेले आहे.

चिटणीस,
कार्यकारिणीच्या वतीने